ऐकणारे होते, तरी स्टेशन गेलं: शिकागोच्या ‘द लूप’चं प्रकरण

९ मार्च २०१८, शुक्रवार. शिकागोत त्या रात्री ९७.९ एफएमवर शेवटचं रॉक गाणं वाजलं, एसी/डीसीचं ‘हायवे टू हेल’. मध्यरात्र उलटली आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर ‘के-लव्ह’ या देशव्यापी साखळीची पॉपच्या चालीवरची ख्रिस्ती गाणी सुरू झाली. निरोपाच्या गाण्याची निवड खोडसाळ होती हे सांगायला नको. नवा मालक कोण, हे स्टुडिओतल्या लोकांना ठाऊक होतं. विक्रीची बातमी येऊन आठवडाही झाला नव्हता. मार्च १९७७ पासून चालत आलेलं ‘द लूप’ हे स्टेशन असं संपलं.

अशी बातमी आली की ठरलेलं स्पष्टीकरण मागोमाग येतं. स्पॉटिफाय आलं, गाडीत फोन जोडता यायला लागला, रॉक ऐकणारे म्हातारे झाले, तरुणांना रेडिओ नको. यातलं काहीच खोटं नाही, पण लूप का गेलं याचं उत्तर त्यात सापडत नाही. कारण त्याच शिकागोत, डायलवर थोडं खाली, ९७.१ वर ‘द ड्राइव्ह’ नावाचं दुसरं स्टेशन आहे. गाणी साधारण तीच, म्हणजे साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं रॉक. श्रोतेही त्याच वयाचे, त्याच उपनगरांतले, त्याच ट्रॅफिकमध्ये अडकलेले. लूप गेलं तेव्हा ड्राइव्ह धडधाकट होतं आणि नंतरही शहरात जास्त ऐकल्या जाणाऱ्या स्टेशनांत त्याची गणना होत राहिली.

स्पॉटिफायने यातलं एकच स्टेशन निवडून मारलं असं तर झालेलं नाही. मग फरक कुठे पडला, ते पाहायला हवं.

फ्रिक्वेन्सीचा मागचा इतिहास

९७.९ चा इतिहास रॉकच्या आधी सुरू होतो, आणि तो भाग फार मजेशीर आहे. साठच्या दशकात ही फ्रिक्वेन्सी लेनर्ड आणि फिल चेस या भावांकडे होती. मडी वॉटर्स आणि चक बेरी यांच्या तबकड्या काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्सचे हेच मालक. १९६३ मध्ये त्यांनी एक एएम आणि एक एफएम स्टेशन विकत घेतलं. एएमवर डब्ल्यूव्हीओएन हे कृष्णवर्णीय श्रोत्यांचं गाजलेलं स्टेशन उभं केलं आणि एफएमवर जॅझ लावलं. त्या जॅझ स्टेशनावर निवेदक म्हणून सगळ्या बायका होत्या. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

ब्रिटिश रॉकवाल्यांनी आपलं अर्धं शिक्षण चेसच्या तबकड्यांवर घेतलं. त्यामुळे ज्या हवेतून आधी चेस बंधूंचं स्टेशन ऐकू यायचं, तिथेच पुढे झेपलिन आणि स्टोन्स वाजू लागले, यात एक प्रकारचा न्याय होता. ‘आमचं स्टेशन गेलं’ असं २०१८ मध्ये हळहळणाऱ्या फार थोड्यांना आठवलं असेल की १९७७ मध्येही कुणाचं तरी स्टेशन गेलं होतं.

लूप हे शिकागोच्या मध्यवस्तीचं नाव. उन्नत रेल्वेचे रूळ तिथे चौकोनी फेरा घेतात. स्टेशनाने तेच नाव उचललं आणि शहरावर आपला शिक्का मारला. लूपचा लोगो असलेला काळा टी-शर्ट हा पुढे बरीच वर्षं शिकागोच्या दक्षिण आणि वायव्य भागांतल्या पोरांचा गणवेशच होता.

मग आला स्टीव्ह डाल. १९७८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याची दुसऱ्या एका स्टेशनातली नोकरी गेली होती, कारण ते स्टेशन रॉक सोडून डिस्कोकडे वळत होतं. १९७९ च्या वसंतात लूपने त्याला सकाळच्या कार्यक्रमासाठी घेतलं. डालने डिस्कोविरुद्ध हवेतच मोहीम उघडली. डिस्कोची तबकडी लावायची आणि स्फोटाचा आवाज काढून ती ‘उडवायची’.

१२ जुलै १९७९ ला हा विनोद मैदानात उतरला. कोमिस्की पार्कवर शिकागोचा व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघांचे एकाच तिकिटात दोन सामने होते. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना. दराचा आकडा अर्थातच ९७.९ वरून घेतलेला. वीसेक हजार लोक येतील असा अंदाज होता. आत सुमारे पन्नास हजार शिरले आणि बाहेर आणखी हजारो तिष्ठत राहिले. दारावर सगळ्या तबकड्या गोळा करणं जमलं नाही, तेव्हा लोक त्या गॅलरीतून भिरकावू लागले. पहिला सामना व्हाइट सॉक्स ४-१ ने हरले. मधल्या वेळात डाल लष्करी गणवेश आणि हेल्मेट घालून मैदानात आला, तबकड्यांनी भरलेलं खोकं सुरुंगाने उडवलं गेलं, हिरवळीत खड्डा पडला आणि हजारो लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले. दंगलविरोधी पोलीस बोलवावे लागले. दुसरा सामना झालाच नाही. तो डेट्रॉइटला बहाल करण्यात आला.

स्टेशनाला इतकी प्रसिद्धी पैसे टाकून मिळाली नसती. पण त्या रात्रीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या दिवशी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. पुढे तो शिकागोच्या हाउस संगीताच्या, म्हणजे डिस्कोतूनच निघालेल्या नृत्यसंगीताच्या, पहिल्या फळीत आला. लोक डिस्कोच्याच तबकड्या आणत नव्हते, कुठल्याही कृष्णवर्णीय कलाकाराची तबकडी आणत होते, असं तो सांगत आला आहे. डिस्को हे कृष्णवर्णीयांचं, लॅटिनोंचं, समलिंगी लोकांचं संगीत होतं, म्हणून त्याविरुद्धचा राग दिसतो तितका निरागस नव्हता, ही टीका तेव्हापासून होते आहे. डालने ती कायम फेटाळली. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. डालला नोकरी गेल्याचा राग होता, आणि गर्दीतल्या बऱ्याच जणांना वेगळाच राग होता. स्थानिक रेडिओ म्हटलं की आपण हळवे होतो, पण ‘स्थानिक’मध्ये शहराच्या भिंतीही आल्या.

माणसं, आणि मग यादी

ऐंशीच्या दशकात लूप गाण्यांइतकंच माणसांवर चालत होतं. १९८३ मध्ये सकाळी जॉनाथन ब्रँडमायर आला. डालला १९८१ मध्ये काढून टाकलं होतं. १९८६ मध्ये त्याला लूपच्या एएम भावंडावर परत आणलं. केव्हिन मॅथ्यूज होता. ही मंडळी गाण्यांच्या मध्ये बोलत नव्हती. त्यांच्या बोलण्याच्या मध्ये गाणी लागायची. नव्वदच्या दशकात काही वर्षं तर ९७.९ वर रॉक जवळपास बाजूला पडलं आणि गप्पाच चालल्या. नंतर पुन्हा रॉक आलं.

याच सुमारास देशभर एक वेगळीच घडी बसत होती. ‘क्लासिक रॉक’ हा स्वतंत्र प्रकार म्हणून १९८५ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या एका स्टेशनावर फ्रेड जेकब्स या सल्लागाराने बांधला. प्रकार यशस्वी झाला तसं त्याचं शास्त्र झालं. सभागृहात श्रोत्यांना बसवायचं, शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे, प्रत्येकाला गुण द्यायला सांगायचं. ज्यावर कुणी नाक मुरडलं नाही ती गाणी ठेवायची. या गाळणीतून कुणाचंच फार आवडतं नसलेलं, पण कुणालाच न खुपणारं गाणं हमखास पार होतं. गाण्यांची यादी काहीशेवर येते आणि वर्षानुवर्षं तीच फिरते.

दुसरी कात्री निवेदकावर चालली. चार तासांच्या कार्यक्रमात निवेदक प्रत्यक्ष बोलतो ती मिनिटं मोजकी असतात. ती सगळी वाक्यं आधीच ध्वनिमुद्रित करून संगणकात गाण्यांच्या मध्ये बसवता येतात. अर्ध्या-पाऊण तासात अख्खी संध्याकाळ उरकते. मग तोच माणूस दुसऱ्या शहराच्या स्टेशनासाठीही बोलतो, तिथल्या रस्त्याचं नाव कागदावरून वाचून. श्रोत्याला लगेच कळत नाही. वादळ येतं आणि निवेदक ‘काय सुंदर संध्याकाळ आहे’ म्हणतो, तेव्हा कळतं.

या दोन्ही कात्र्यांनी अमेरिकेतल्या रॉक स्टेशनांचं रक्त आटवलं. पण ड्राइव्हही याच उद्योगातलं स्टेशन आहे, त्यामुळे एवढ्याने कोडं सुटत नाही.

सख्खी भावंडं, वेगळी घरं

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशात किती रेडिओ स्टेशनं असावीत यावरची मर्यादाच काढून टाकली. मोठ्या शहरात एका मालकाकडे आठपर्यंत स्टेशनं ठेवायला मुभा मिळाली. लगोलग खरेदीची झुंबड उडाली. क्लिअर चॅनलकडे पुढे बाराशेहून अधिक स्टेशनं जमा झाली. भाव चढले, आणि चढ्या भावाने घेतलेल्या स्टेशनांचे पैसे बहुतेकांनी कर्जाने उभे केले.

लूप १९९७ मध्ये बॉनव्हिलकडे गेलं. ही मॉर्मन चर्चची व्यावसायिक रेडिओ कंपनी. म्हणजे लूपची धर्मसंस्थेशी गाठ २०१८ मध्ये प्रथम पडली असं नाही. फक्त बॉनव्हिलने रॉकला हात लावला नव्हता. उलट २००१ मध्ये याच बॉनव्हिलने शिकागोत ड्राइव्ह सुरू केलं. ही दोन स्टेशनं काही वर्षं एकाच छपराखाली वाढली. नंतर बॉनव्हिलने लूप एमिस या कंपनीला दिलं आणि ड्राइव्ह स्वतःकडे ठेवलं.

दोघांचीही पुन्हा विक्री झाली ती २०११ मध्ये, एकाच वर्षी. माझ्या मते सगळं प्रकरण या वर्षात आहे.

बॉनव्हिलने ड्राइव्हसह १७ स्टेशनं ५० कोटी ५० लाख डॉलरना हबर्डला विकली. हबर्ड ही मिनेसोटातली, पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे असलेली प्रसारण कंपनी. त्यांना स्टेशनं चालवायची होती, आणि ती ते चालवत राहिले.

लूप, त्याच्यासोबत शिकागोतलं ‘क्यू-१०१’ आणि न्यूयॉर्कचं एक रॉक स्टेशन अशी तीन एमिसने मर्लिन मीडियाला दिली. सौदा दहा कोटी डॉलरच्या वरचा होता. मर्लिनमागे शिकागोच्या एका गुंतवणूक कंपनीचा पैसा होता आणि पुढे रँडी मायकल्स, क्लिअर चॅनलच्या वाढीच्या काळातला बडा अधिकारी. मर्लिनने क्यू-१०१ आणि न्यूयॉर्कचं स्टेशन या दोन्हींवरचं रॉक बंद करून चोवीस तास बातम्या लावल्या. वर्षभरात तो प्रयोग आपटला. लूप त्यातल्या त्यात वाचलं, पण गाडा गाळात गेलेल्या मालकाच्या हाती.

जानेवारी २०१४ पासून मर्लिनने शिकागोतली दोन्ही स्टेशनं क्युम्युलस या बड्या कंपनीला चालवायला दिली. हा करार आपल्याकडे हॉटेल चालवायला देतात तसाच: लायसन्स मूळ मालकाच्या नावावर, गल्ला आणि नोकर चालवणाऱ्याचे, दर महिन्याला ठरलेली रक्कम. वर एक अट होती. पुढे मर्लिनने म्हटलं तर क्युम्युलसला ही स्टेशनं विकत घ्यावी लागणार होती. रेडिओचे भाव त्या काळात घसरतच होते, त्यामुळे ही अट दर वर्षी जास्त जड होत गेली.

क्युम्युलसची स्वतःची अवस्थाही बिकट होती. तिनेही २०११ मध्येच, कर्ज काढून, सिटाडेल ही दुसरी मोठी कंपनी गिळली होती. तो घास पचला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुमारे २४० कोटी डॉलरच्या कर्जाखाली क्युम्युलसने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी कायद्यात अशा कंपनीला न परवडणारे करार न्यायालयाच्या परवानगीने मोडता येतात. क्युम्युलसने जे करार मोडायला काढले, त्यात मर्लिनचा होता.

आता लूपची अवस्था पाहा. मूळ मालकाकडे ते चालवायला ना माणसं होती ना इच्छा. चालवणाऱ्याने अंग काढून घेतलेलं. हातात उरली ती फ्रिक्वेन्सी, तीही देशातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या रेडिओ बाजारपेठेतली. मर्लिनने ती के-लव्ह चालवणाऱ्या एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनला २ कोटी १५ लाख डॉलरना विकली.

भक्तांचा पैसा आणि रिकामा स्टुडिओ

या फाउंडेशनकडे रागाने पाहणारे रॉकचे चाहते खूप आहेत. मला तो राग समजतो, पण पटत नाही. त्यांनी कुणावर दांडगाई केली नाही. बाजारात सगळ्यात सोयीचं गिऱ्हाईक ते ठरले, इतकंच.

त्यांचं गणित साधं आहे. के-लव्ह जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. संस्था ना-नफा, म्हणून करात सूट. कार्यक्रम एका ठिकाणी तयार होतो आणि उपग्रहाने सगळीकडे जातो. नवं शहर जोडलं की वाढणारा खर्च म्हणजे ट्रान्समीटरची वीज, मनोऱ्याचं भाडं आणि थोडी देखभाल. निवेदक नको, जाहिराती विकणारी पोरं नकोत. रॉक स्टेशन चालवू पाहणाऱ्याला त्याच फ्रिक्वेन्सीवर पगार, विक्री विभाग, श्रोतेमोजणीचं शुल्क, सगळं उभं करावं लागतं आणि वर कर्जाचं व्याज. त्यामुळे रोख पैसे मोजायची तयारी कुणाची, हे बोली लागण्याआधीच ठरलेलं असतं.

त्यात सरकारी नियमानेही हात दिला. स्टेशनाचा मुख्य स्टुडिओ त्याच भागात असला पाहिजे, हा १९३९-४० च्या सुमाराचा नियम केंद्रीय दूरसंचार आयोगाने २४ ऑक्टोबर २०१७ ला रद्द केला. अंमल जानेवारी २०१८ पासून. लूपची विक्री मार्चमध्ये. एकामुळे दुसरं झालं असा दावा मी करणार नाही. फाउंडेशन त्याआधीही सवलती मागून हेच करत होतं. पण शहरात एकही खोली न ठेवता त्या शहराचं लायसन्स बाळगणं आता सरसकट कायदेशीर झालं होतं.

आपल्याकडे हा शेवट या रूपात घडला नसता. भारतात खासगी एफएमची लायसन्सं लिलावाने, ठरावीक मुदतीसाठी मिळतात आणि धार्मिक संस्थेच्या ताब्यातली कंपनी धोरणानुसारच अपात्र ठरते. पण ऐकणारे असताना स्टेशन बुडवण्याची कला आपल्यालाही येते. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात लायसन्स फी दरवर्षी १५ टक्क्यांनी चढायची. अनेकांनी त्या ओझ्याखाली माघार घेतली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाच्या ४ टक्के अशी फी आली, तेव्हा कुठे धंद्याला श्वास मिळाला.

लूप काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं

एक आक्षेप इथे रास्त आहे. लूप शेवटच्या काळात इतकं भक्कम असतं, तर क्युम्युलसने ते सोडलं असतं का? बहुधा नाही. शेवटच्या वर्षांत लूपला जुनी धग नव्हती. सकाळच्या वेळेला वाद ओढवून घेणारा मॅनकाऊ नावाचा निवेदक होता, दिवसभर गाणी ओळखीची, आणि जुन्या नावाच्या पुण्याईवर बरंच भागत होतं. ड्राइव्हने मात्र गाण्यांच्या मागच्या गोष्टी आणि मोठी यादी यांवर भर दिला आणि पंचविशी-तिशीच्या पोरकटपणापेक्षा पन्नाशीच्या श्रोत्याला शोभेल असा सूर धरला. जाहिरातदार २५ ते ५४ या वयोगटावर पैसे लावतात. श्रोत्यांची साठी जवळ येते तसा त्यांचा भाव पडतो. तो धोका दोघांनाही होता.

पण स्टेशन मवाळ झालं तर माणसं बदलून, यादी बदलून ते सावरता येतं. त्यासाठी मालकाला दोन-तीन वर्षं थांबायची ऐपत हवी. लूपच्या नशिबात २०११ नंतर असा मालक आला नाही.

नंतर हाच प्रकार दुसरीकडेही झाला. २०१९ मध्ये क्युम्युलसने न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीएलजेसह सहा स्टेशनं त्याच फाउंडेशनला १० कोटी ३५ लाख डॉलरना विकली. सत्तरच्या दशकात डब्ल्यूपीएलजेही रॉकचं मोठं ठाणं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनजवळचं डब्ल्यूएएएफ हे रॉक स्टेशन १ कोटी ७ लाख ५० हजार डॉलरना गेलं, पुन्हा के-लव्हकडेच. विकणारी एंटरकॉम, ती सीबीएसची स्टेशनं गिळून कर्जात बुडालेली.

स्टीव्ह डालने तर २०११ मध्येच पैसे भरून ऐकायचं स्वतःचं पॉडकास्ट सुरू केलं होतं. श्रोत्यांनी वर्गणी भरली. म्हणजे आवाजाला गिऱ्हाईक होतं, फ्रिक्वेन्सीशिवायही.

शिकागोत रॉकचं आणखी एक जुनं ठिकाण आहे, ९३.१ वरचं डब्ल्यूएक्सआरटी, १९७२ पासूनचं. जानेवारी २०२३ मध्ये तिथला जुना निवेदक लिन ब्रेमर गेला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं शहर हळहळलं. स्थानिक आवाजाला अजून किती किंमत आहे, त्याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही. त्यानंतर वर्षभरात, जानेवारी २०२४ मध्ये, डब्ल्यूएक्सआरटीची मालक कंपनी ऑडेसी दिवाळखोरीत गेली. एंटरकॉमचंच हे नवं नाव. कर्ज सुमारे १९० कोटी डॉलर. कर्जदात्यांनी बहुतेक कर्जाच्या बदल्यात कंपनीच ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी ती बाहेर पडली. ९३.१ वर रॉक चालू राहिलं.